अंगठाछाप

गेले तीन आठवडे मी दार कोपराने उघडतो. दिव्याचं बटण पेनाच्या टोपणाने दाबतो, नळ मनगटाच्या पाठीने फिरवतो आणि एस.टी.त दांडा न धरता उभा राहतो. फैजपूर-भुसावळ रस्त्यावर दांडा न धरता उभं राहणं धोक्याचं आहे, हे कंडक्टरने मला दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी एका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसलो. त्यानंतर त्याने सांगणं सोडलं. बाहेर काही खायचं झालंच तर मी फक्त केळी खातो. केळ्याला देवाने सोलून टाकायचं वेष्टन दिलंय, आणि फैजपुरात केळ्यांना तोटा नाही.

घरी पहिला आठवडा बायकोने सोसलं. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले. मी कोपराने कडी काढायला गेलो, कडी निघाली, दार उघडलं आणि तेच कोपर पाहुण्यांच्या चष्म्याला लागलं.

"तुमच्या हातांना झालंय तरी काय?" बायको म्हणाली.

"हातांना काही नाही. कडीला झालंय."

हे सगळं सुरू झालं विज्ञान दिनामुळे. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला, म्हणून देशभर विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला होतो. आमच्या शाळेत तो एप्रिलात होतो. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा असतात, मार्चमध्ये मार्च असतो, आणि एप्रिलात कुणीतरी वरून विचारतं की विज्ञान दिनाचे फोटो कुठे आहेत. यंदा फोटो मागितले तेव्हा विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला गेले होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी मराठी शिकवतो.

"सर, मला विज्ञानातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"व्याकरण कळतं ना? चुकलेला अनुस्वार पकडणाऱ्या माणसाला जिवाणू काय जड?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. विषयही ठरलेला होता: 'वर्गातील वस्तूंवर आढळणारे जिवाणू ओळखणे'. आठवी ब मधली सहा पोरं माझ्या ताब्यात देण्यात आली. ती हुशार म्हणून निवडली होती, की त्यांना वर्गाबाहेर ठेवणं सोयीचं म्हणून, हे मी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "सर, जिवाणू आणि विषाणू यांत फरक काय?" मी म्हणालो, "दोन्ही पुल्लिंगी." तिने वहीत लिहून घेतलं.

जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून त्यांना खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं, आणि वाढवायला आगर लागतं, एवढं मी रात्री वाचून काढलं. सकाळी मुख्याध्यापकांकडे मागणी नेली. ते मान खाली घालून सह्या करत होते.

"सर, आगर मागवावं लागेल."

"आगार तर यावलला आहे," ते सह्या न थांबवता म्हणाले. "पास काढायचे असतील तर पोरांचे बोनाफाइड लागतील."

हे आगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून निघणारी खळ. त्याची कथा मला फार आवडली. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळायचं, आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे नावाच्या डॉक्टराने ही रड घरी सांगितली. बायको फॅनी म्हणाली, मी जेलीत आगर घालते, ती उन्हाळ्यातही बसते, तुम्हीही तेच घाला. ही १८८१ची गोष्ट. आगर चाललं. कॉखसाहेबांनी पुढे आपल्या लेखात आगराचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा केला नाही. १८८७ साली त्यांच्याच मदतनिसाने झाकणाची चपटी बशी काढली, तिला मात्र आजतागायत 'पेट्री डिश' म्हणतात. म्हणजे बशीला पुरुषाचं नाव आणि बशीतल्या पदार्थाला कुणाचंच नाही. ही अन्यायाची हकीकत मी जेवताना मोठ्या तळमळीने सांगितली. बायको म्हणाली, "आमटी कशी झालीय ते सांगा आधी."

फॅनीबाईंचं सगळं बरोबर होतं, पण त्या जर्मनीत राहत होत्या. आगर पंचाऐंशी अंशांच्या आसपास वितळतं आणि चाळिशीच्या खाली आल्यावर घट्ट बसतं. एप्रिलात आमच्या प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली बेचाळीस असतात. आम्ही आगर उकळलं, बश्यांत ओतलं आणि वाट पाहत बसलो. एक तास गेला. दोन तास गेले. शिपाईमामा डोकावले.

"काय भो सर, कढी जमू नही रायली का?"

"मामा, हे आगर आहे."

"मंग खाली माठाजवय ठेवा ना. इथं त मानूस वितयू रायला."

माठाजवळ ते बसलं. त्यावर बसायला मुंग्याही आल्या. शेवटी जवळच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा "तुम्ही शाळेत जिवाणू वाढवताय?" असं अशा आवाजात विचारलं, की मी फोन दोन इंच लांब धरला. मग त्यांनी तयार बश्या दिल्या, आणि नियम घालून दिले: काडी फिरवायची, बशीवर ओढायची, झाकण लावायचं, पट्टी चिकटवायची आणि त्यानंतर ती बशी शाळेत कुणीही उघडायची नाही. वाढवायचं आणि ओळखायचं काम त्यांच्या प्रयोगशाळेत होणार.

तिथे मी इन्क्युबेटर नावाचं कपाट पाहिलं. त्यात सदतीस अंश तापमान राखतात. इतर ठिकाणी वीज गेली की ते थंड पडतं म्हणून लोक घाबरतात. आमच्याकडे वीज गेली की ते तापतं. मामा बश्या पोचवायला आले होते, त्यांनी कपाटात हात घातला आणि म्हणाले, "सर, मी इथंच बसतो. तुमी जा."

मुख्याध्यापकांनी एक चूक केली. मंगळवारी नमुने घेणार, अशी सूचना त्यांनी सोमवारी काढली. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी शाळा इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती, तपासणीच्या दिवशीसुद्धा नाही. फिनेलच्या वासाने पहिलीची पोरं शिंकत होती. शिक्षकांच्या खोलीत तर निवडणूक लागल्यासारखी हालचाल होती.

"आमच्या वर्गाचं नको हो, नववी अ चं घ्या. तिथं खरे जिवाणू सापडतील," सहावीच्या बाई म्हणाल्या. नववी अ च्या सरांनी मला चहा पाजला आणि सहावीच्या मुलांच्या नाकांविषयी माहिती दिली. गणिताच्या सरांनी आपलं टेबल सॅनिटायझरने तीनदा पुसलं आणि पोरांना आव्हान दिलं, "काढा आता जिवाणू." चित्रकलेच्या सरांनी विचारलं, रंगीत येतात का? एका बाईंनी मात्र आपल्या पर्सची काडी घ्यायला लावली आणि लगेच पुसून टाकायला लावली.

आम्ही ठरवलेल्या जागा अशा: दाराची कडी, बाक, डस्टर, पंख्याचं बटण, पाण्याच्या टाकीची तोटी, गणिताच्या सरांचं ते टेबल आणि हजेरीपट. एका पोराने छडी सुचवली होती. मी त्याला सांगितलं की छडीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नमुना उपलब्ध नाही. "मग कपाटामागं कोणतीय?" असं तो म्हणाला. हा मुलगा पुढे जाणार आहे. बाकावर काडी फिरवायला मोकळी जागाच सापडेना. तिथे कर्कटकाने कोरलेली चार पिढ्यांची नावं होती. एका पोराला स्वतःच्या वडिलांचं नाव सापडलं, आणि त्या नावापुढे बदामही. प्रयोग दहा मिनिटं थांबवावा लागला.

आठवी जागा ऐतिहासिक होती. फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे इथल्या तान्ह्या पोरालाही पाठ असतं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. तेव्हापासून गावात एक गंमत झालेली आहे: १९३६ साली फैजपुरात जेवढ्या खुर्च्या होत्या, त्याच्या दसपट खुर्च्यांवर नेहरू बसून गेलेले आहेत. त्यातली एक आमच्या कार्यालयात आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, कारण तिचा एक पाय त्याच अधिवेशनापासून हलतो, असं म्हणतात.

"या खुर्चीला काडी लावायची नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "काही निघालं तर?"

"सर, निघालं तर ते नेहरूंचं थोडंच असणार?"

"तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांना ओळखत नाही."

शेवटी पायाच्या मागच्या बाजूला, जिथे नेहरू बसण्याची शक्यता नव्हती, तिथे काडी फिरवण्याची तोंडी परवानगी मिळाली.

नववी बशी हवेची. ती दहा मिनिटं नुसती उघडी ठेवायची आणि काय पडतं ते पाहायचं. तेवढ्यात उपक्रमाचं उद्घाटन करायला संस्थेचे एक ज्येष्ठ पदाधिकारी आले. समोर उघडी बशी पाहून त्यांना दीपप्रज्वलनाचा भास झाला असावा. तिच्यावर वाकून ते 'स्वच्छता आणि आपण' या विषयावर बोलले. पंचेचाळीस मिनिटं बोलले. मधेच बशी झाकायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "थांबा, मुद्द्यावर येतोय."

चार दिवसांनी मॅडमच्या प्रयोगशाळेत निकाल. मी, सहा पोरं, मुख्याध्यापक, आणि 'सहज इकडून चाललो होतो' असं म्हणणारे गणिताचे सर. बश्या बंदच होत्या, वरून पाहायच्या. मी घाबरत पाहिलं. खरं सांगायचं तर सुंदर होत्या. हळदीच्या थेंबासारखे पिवळे ठिपके, चुन्यासारखे पांढरे, सुरकुतलेले करडे. एकेक ठिपका म्हणजे एकेक वसाहत, आणि साधारणपणे ती एकाच जिवाणूपासून वाढते, मॅडम म्हणाल्या. काही जिवाणू मनाजोगतं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतात.

गणिताच्या सरांचा हात आपोआप खिशातल्या खडूकडे गेला. "सात तासांत एकवीस वेळा दुप्पट. वीस लाख सत्त्याण्णव हजार एकशे बावन्न," ते म्हणाले. "शाळा भरताना एक, सुटताना वीस लाख." मुख्याध्यापक म्हणाले, "आणि पट वाढवा म्हणून आम्हाला नोटिसा येतात."

नुसतं पाहून नाव कळत नाही. मॅडमनी ग्राम रंजन करून दाखवलं. हे ग्राम म्हणजे ग्रामपंचायतीतलं नव्हे. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टराने १८८४ साली ही युक्ती काढली. आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलने धुवायचं, मग गुलाबी रंग. ज्यांचं आवरण जाड त्यांच्यात जांभळा टिकतो, बाकीचे गुलाबी दिसतात. हा जांभळा रंग म्हणजे आपल्या लहानपणी तोंड आलं की जिभेला लावायचे तोच. मदत करायच्या उत्साहात मी बाटली धरली आणि उजवा अंगठा जांभळा करून घेतला. चार दिवस तो गेला नाही. गावात तिघांनी विचारलं, मतदान कधी झालं?

सूक्ष्मदर्शकातून बाकावरचे जिवाणू दिसले, घोसासारखे. "स्टॅफिलोकोकस," मॅडम म्हणाल्या. "ग्रीक भाषेत स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड." पोरांपैकी एक म्हणाला, "मॅडम, नाशिकला तशे दिसत असतीन. आपल्याकडे ते घड केळीचेच म्हणा." घडातले हे बरेचसे आपल्या कातडीवर सुखाने नांदणारे निरुपद्रवी लोक. त्यांचा एक सोनेरी भाऊ मात्र गळू वगैरे करतो. तो तीन माणसांत साधारण एकाच्या नाकात मुक्कामाला असतो, आणि बहुतेक वेळा काही करत नाही. हे ऐकल्यावर खोलीत शांतता पसरली. आम्ही नऊजण होतो. प्रत्येकजण इतर आठांच्या नाकांकडे बघून त्यातले तीन शोधू लागला. स्वतःला कुणीच मोजलं नाही.

पिवळा मायक्रोकोकस डस्टरवर निघाला. गणिताच्या सरांच्या टेबलावरही वसाहती होत्या, करड्या, सुरकुतलेल्या. "बॅसिलस," मॅडम म्हणाल्या. "मातीत असतो, धुळीबरोबर सगळीकडे जातो. याचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत." सरांचा चेहरा उत्तर चुकलेल्या पोरासारखा झाला. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "तीनदा पुसूनसुद्धा?"

खुर्चीवरही तोच निघाला. बॅसिलसचे बीजाणू कोरडे पडून वर्षानुवर्षं, दशकानुदशकं जिवंत राहू शकतात, असं मॅडम सहज बोलून गेल्या. मुख्याध्यापक खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले.

"म्हणजे १९३६ चेसुद्धा असू शकतील?"

"अगदीच अशक्य नाही म्हणता येणार," मॅडम सावधपणे म्हणाल्या.

त्या क्षणी जिवाणूंविषयीचं आमच्या शाळेचं धोरण बदललं. ज्यांनी अधिवेशन ऐकलं असण्याची शक्यता आहे, त्यांना फिनेल कसं लावणार? आता त्या खुर्चीवर पाटी लावायचं चाललंय, मजकूर मी लिहायचा आहे.

पाण्याच्या तोटीवरचे ठिपके वेगळ्या आगरावर वाढवले होते, ते गुलाबी निघाले. हे कुटुंब मूळचं आतड्यातलं, असं मॅडमनी सांगितलं, आणि पोरांना हसू आवरेना. हात धुवायच्या तोटीवरच हे कसं? ज्या हाताने यायचं त्याच हाताने तोटी उघडायची, हात स्वच्छ धुवायचे आणि त्या स्वच्छ हाताने तीच तोटी बंद करायची. हे आम्ही जन्मभर करत आलोय आणि आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. मनगटाने नळ फिरवण्याची माझी विद्या इथली.

हवेच्या बशीत बोट ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात हिरवट बुरशीही होती. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परतले तेव्हा अशाच एका बशीत बुरशी पडलेली होती आणि त्यातून पेनिसिलिन निघालं, हे मी वाचून आलो होतो. पोरांना सांगितलंही. सगळ्यांनी नोबेलच्या आशेने मॅडमकडे पाहिलं. "ही पावावर येते ती," त्या म्हणाल्या. मग बशीतल्या गर्दीचं कारण त्यांनी विचारलं. बोलताना तोंडातून तुषार उडतात, समजावत त्या म्हणाल्या, कुणी फार जवळून बोललं होतं का? मुख्याध्यापक म्हणाले, "तसं कुणी विशेष नाही." अहवालात त्या बशीपुढे 'वारा' असं लिहिलं आहे.

राहिली शेवटची बशी. झाकण तेवढं उचलायचं बाकी असल्यासारखी ती भरली होती. बरोबर मधोमध एक लंबगोल, दाट, गच्च वसाहत. कडेला हलक्या रेघा. पोरांनी काडी ओढायच्या ऐवजी कागदाचा कोपराच बशीवर टेकवला होता.

"हे कुठलं?" मॅडमनी विचारलं. "कातडीवरचे आहेत, आणि हे माळेसारखे दिसतात ते स्ट्रेप्टोकोकस. हे तोंडातले आहेत. कुणी चाटलं का हे?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सहाही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तो हजेरीपट आहे," चष्मेवाली मुलगी म्हणाली. "सर असं करतात." आणि तिने उजव्या हाताचा अंगठा जिभेवर टेकवून हवेतलं पान उलटून दाखवलं. इतकं हुबेहूब, की मुख्याध्यापक टाळी वाजवणार होते.

तेवीस वर्षं. रोज सकाळी हजेरीपट, मग वह्या, मग पेपर. एका पेपराच्या गठ्ठ्याला चाळीस वेळा तरी अंगठा. खरं म्हणजे मी पोरांना अक्षरांबरोबर काय काय देत आलो, याचा हिशेब गणिताच्या सरांनी मांडायला घेतला होता. मी त्यांना हात जोडले. जांभळा अंगठा वर आला.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "हे सगळ्यांच्याच तोंडात असतात."

"हो, पण सगळ्यांचे हजेरीत येत नाहीत," मुख्याध्यापक म्हणाले. अहवालात 'शिक्षकाचा हजेरीपट' असं लिहिलं तर बरं दिसणार नाही, म्हणून 'एक कागद' असं लिहायचं ठरलं. त्या एका कागदाने सगळ्या शाळेत पहिला क्रमांक पटकावला. दुसरा वारा.

पोरांनी वर्गणी काढून मला बँकेतल्या कॅशियरसारखी स्पंजची डबी आणून दिली. त्यात पाणी घालायचं, बोट ओलं करायचं, पान उलटायचं. मला गहिवरून आलं. पहिला आठवडा मी ती डबी सगळ्यांना दाखवत फिरलो. परवा डबीतला स्पंज कडेने हिरवट दिसायला लागला आणि त्याला एक वासही येतो. पाणी बदलायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काल वर्गात शिरलो तर चष्मेवाली मुलगी टेबलाशी उभी होती. तिच्या हातात कापसाची काडी होती.

सुटी लागायला चार दिवस आहेत. तोवर मी पानं टाचणीने उलटतो. तुम्ही हे पान कशाने उलटलंत, ते मी विचारत नाही.